धूर दिसतो, पण किती उंचीवर?
उपग्रहाच्या चित्रात धूर दिसला की खालची हवा खराबच, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. साध्या चित्रात धुराची उंची कळतच नाही. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर थेट स्थितांबरात (ढगांच्या थराच्याही वरच्या वातावरणात) चढला आणि प्रशांत महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला. उलट जून २०२३ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कमध्ये जमिनीलगत उतरला, आकाश नारिंगी झालं. लेसरने उंची मोजणारा कॅलिप्सो उपग्रह २०२३ मध्येच थांबला, २०२४ मध्ये अर्थकेअर हा लेसरवाला उपग्रह येईपर्यंत ही फार मोठी उणीव होती. ढग की धूर असा घोळ होत असेल, तर सेंटिनेल-५पी या उपग्रहाचा अतिनील एरोसोल निर्देशांक (अतिनील किरण शोषणाऱ्या धूर-धुळीच्या कणांचा अंदाज देणारा आकडा) बघा. ढगांवर पसरलेला धूरही त्यात उठून दिसतो. श्वासाचा प्रश्न असेल तेव्हा मात्र जमिनीवरच्या पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मापकाचाच आकडा धरा.