प्रतिसाद: 'ओपन द लाइट' का म्हणतात?

चिनी विद्यार्थी इंग्रजीत 'दिवा लाव' म्हणताना 'टर्न ऑन'ऐवजी 'ओपन द लाइट' का म्हणतात, असा प्रश्न आहे. याचं मूळ मँडरिन या चिनी भाषेतल्या 'खाय' या एका क्रियापदात आहे. दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं, बैठक घेणं, फूल उमलणं, सगळीकडे हेच. शाळेत मात्र 'खाय म्हणजे ओपन' एवढंच पाठ होतं. (आपण दार उघडतो, दिवा लावतो, नळ सोडतो, त्यामुळे ही चूक आपल्याकडून सहसा होत नाही.)

शिकवताना एक कसोटी द्या: झाकण, पान किंवा फट उघडते का? मग 'ओपन'. वीज किंवा पाणी सुरू होतं का? मग 'टर्न ऑन'. 'ओपन द कॉम्प्युटर' म्हटलं तर ऐकणाऱ्याला स्क्रू ड्रायव्हर आठवतो. फाइल आणि अ‍ॅप मात्र 'ओपन'च.

खरी गोची विशेषणात आहे. दुकान उघडं असेल तर 'इज ओपन', बंद असेल तर 'इज क्लोज्ड'. जोडी विषम असल्याने मुलं 'इज ओपन्ड' किंवा 'इज क्लोज' करतात. 'द शॉप ओपन्ड अ‍ॅट नाइन' ही क्रिया, 'इज ओपन' ही स्थिती. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा. 'क्लोज'चा उच्चार 'क्लोस' झाला की अर्थ 'जवळ' होतो, तेही तिथेच उरकून घ्या.