मदत हवी आहे: जीआय बिलवर क्लिनिकल सायकॉलॉजी (तातडीचं)

सायली_टेक्सस
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते. आमचं जीआय बिल (अमेरिकी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारा सरकारी लाभ) पूर्ण ३६ महिने शिल्लक आहे, एक दिवसही वापरलेला नाही. मला क्लिनिकल सायकॉलॉजीत सायडी (PsyD, सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) करायचंय, कोर्स पाच वर्षांचा. ३६ महिने म्हणजे तीनच वर्षं ना? मग पुढच्या दोन वर्षांची फी कुठून आणायची? अर्जाची मुदत १ डिसेंबर. फोन लावून पाऊण तास नुसतं संगीत ऐकलं आणि लाइन कटली. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

बुलढाणा_ते_ह्यूस्टन
३६ महिने कॅलेंडरचे नव्हेत. टर्म चालू असते तेवढेच दिवस कापले जातात, उन्हाळ्यात नाव नोंदवलं नाही तर मीटर बंद. नऊ महिन्यांचं वर्ष धरलं तर चार वर्षं निघतात. पाचवं बहुधा इंटर्नशिपचं, तिथे थोडाफार पगार असतो. खरी अडचण फीची. सरकारी विद्यापीठात राज्यातल्यांची फी पूर्ण भरतात, खासगीला मर्यादा आहे, २०२५-२६ साठी ३० हजार डॉलरच्या किंचित आत. वरच्या फीसाठी यलो रिबन नावाची जोडयोजना, पण त्यात कॉलेज सामील हवं.
तुमची अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस (पूर्णवेळ लष्करी सेवा) किती महिने झाली? कुठली ब्रँच?

अर्धवट_पीएचडी
सायडी कशाला? फंडेड पीएचडी घ्या. फी माफ, वर स्टायपेंड, आणि जीआय बिलातून घरभाडं नि पुस्तकांचे पैसे मिळतच राहतात. सायडीवाले कर्जात बुडालेले पाहिलेत मी.

गप्पिष्ट_काका
हो, आणि फंडेड पीएचडीच्या एकेका जागेसाठी किती अर्ज येतात तेही सांगा की. माझा सल्ला: डॉक्टरेटचा हट्ट सोडा. ६० क्रेडिटचं मास्टर्स, टेक्ससात ३,००० तास देखरेखीखाली काम, झालात एलपीसी, म्हणजे परवानाधारक समुपदेशक. माझी सून तेच करते, सोमवार ते गुरुवार, शुक्रवारी सुट्टी.

अर्धवट_पीएचडी
काका, त्यांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं म्हटलंय. समुपदेशक आणि ते एक नव्हे.

गप्पिष्ट_काका
पेशंटला कुठे फरक कळतो? आणि तुमची पीएचडी नावातच अर्धवट आहे.

जुना_सुभेदार
ताई, पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचा फॉर्म भरा. माजी सैनिकांच्या मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर ऑनलाइन. बारावीला ६० टक्के हवेत. फक्त पहिली व्यावसायिक पदवी चालते, साधं बीए सायकॉलॉजी नाही. मास्टर्समध्ये एमबीए-एमसीए सोडून काही नाही. माझ्या मुलीला बीएडला मिळाली, पण बँक पासबुकावर नाव 'सुनिता' आणि दाखल्यावर 'सुनीता', त्या एका वेलांटीपायी तीन हेलपाटे झाले.

बुलढाणा_ते_ह्यूस्टन
सुभेदारसाहेब, त्या अमेरिकेत आहेत.

जुना_सुभेदार
असू दे. साताऱ्यातलं कोणी वाचत असेल.

पक्का_पुणेकर
परक्या देशाच्या फौजेत जायचं आणि मग फी मराठीत विचारायची. असो. मत मांडलं.

बुलढाणा_ते_ह्यूस्टन
असो म्हणायचं असेल तर आधीच म्हणावं. सायली, उत्तर द्या. 'आमचं' म्हणजे कोणाचं?

सायली_टेक्सस
नवऱ्याचं हो. लिहायचं राहिलं. तो आर्मीत गाड्यांचा मेकॅनिक, पाच वर्षं आठ महिने झालेत, सहा आठवड्यांनी बाहेर पडतोय. क्लिअरिंगच्या (सेवा सोडण्याच्या) कागदावर अर्ध्याअधिक सह्या झाल्यात, तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावलाय. मी पुण्यातून एमए सायकॉलॉजी केलंय. बायकोला वापरता येतं असं इथे सगळ्याच जणी म्हणतात.

बुलढाणा_ते_ह्यूस्टन
थांबा, थांबा. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! मिल्कनेक्ट या लष्करी वेबसाइटवर ट्रान्सफरचा, म्हणजे लाभ तुमच्या नावे करण्याचा अर्ज केलाय का? नसेल तर पाचव्या वर्षाची चिंता सोडा, पहिलंच मिळणार नाही. हा अर्ज सेवेत असतानाच करायचा असतो. सहा वर्षं पूर्ण हवीत, वर आणखी चार वर्षं द्यायची तयारी. एकदा बाहेर पडला की दार बंद. मग ते महिने फक्त त्याचे.

सायली_टेक्सस
चार महिन्यांसाठी???

बुलढाणा_ते_ह्यूस्टन
चार महिने अधिक चार वर्षं.

नागपूरची_नेव्हीवाली
मी यातून गेलेय. घाबरू नका, मधला रस्ता आहे. सही थांबवायला सांगा आणि रिझर्व्हच्या (अर्धवेळ सैन्याच्या) करिअर काउन्सेलरला गाठा. अ‍ॅक्टिव्ह सोडून खंड न पडू देता रिझर्व्हच्या युनिटात गेला, तर सेवा पुढे मोजली जाते. सहा वर्षं भरली की तिथूनच अर्ज, आणि पुढची चार वर्षं महिन्यातला एक वीकेंड नि वर्षाला साधारण दोन आठवडे. नोकरी बाहेरची करू शकतो. मान्यतेचं पत्र हातात येईपर्यंत काही धरून चालू नका.
आणखी एक कोणी सांगत नाही: नवरा अ‍ॅक्टिव्ह असेल तर बायकोला घरभाडं मिळत नाही. रिझर्व्हमध्ये असेल तर मिळतं. म्हणजे तुमच्यासाठी हे बरंच.

फुलपाखरू
मायका आहे ना सैनिकांच्या बायकांसाठी, शिक्षणाची सरकारी मदत! ४,००० डॉलर. मी केलं.

नागपूरची_नेव्हीवाली
मायका सर्टिफिकेट, लायसन्स, असोसिएट डिग्रीसाठी. डॉक्टरेटला एक डॉलर नाही. शिवाय नवरा अ‍ॅक्टिव्ह ड्यूटीवर लागतो.

अर्धवट_पीएचडी
पुण्याच्या एमएचं मूल्यांकन (अमेरिकी पदवीशी तुलना) झालं का? काही विद्यापीठं तीन वर्षांच्या बीएवर अडून बसतात. आणि जिथे अर्ज कराल तो कोर्स एपीएचा (अमेरिकी सायकॉलॉजिस्टांच्या संघटनेचा) मान्यताप्राप्त आहे ना बघा, नाहीतर पुढे लायसन्सला आणि इंटर्नशिपला रडाल.

गप्पिष्ट_काका
एलपीसीला हा त्रास नाही.

सायली_टेक्सस
काका 🙏
अपडेट: नवरा आज जेवणाच्या सुट्टीत काउन्सेलरकडे जाऊन आला. जवळच्या रिझर्व्ह युनिटात मेकॅनिकची जागा आहे, सोमवारी कागद बघायला बोलावलंय. घरी येऊन पहिलं वाक्य, "म्हणजे अजून चार वर्षं केस बारीकच?" फ्रिजवरचा कागद मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. डिसेंबरची मुदत आता जमेलसं वाटत नाही, पुढच्या वर्षी बघू. मूल्यांकन कुठून करून घेतलंत कोणी? किती दिवस लागतात?

जुना_सुभेदार
वेलांटी तपासून घ्या.