मदत हवी आहे: चोडण ते आल्तिनो, रोज ऑफिसला जाण्यासाठी सायकल कोणती घेऊ? (बजेट दहा हजार)

नमस्कार मंडळी,

गेले तीन रविवार सायकलच्या दुकानांत गेले आणि प्रत्येक दुकानातून जास्तच गोंधळून बाहेर पडले. म्हणून इथे विचारते आहे.

माझं घर चोडणला आणि ऑफिस पणजीत आल्तिनोवर. घरापासून फेरीचा धक्का अडीच किलोमीटर. मग फेरीबोट. रायबंदरला उतरल्यावर पणजी पाचेक किलोमीटर आणि शेवटी आल्तिनोचा चढ. सध्या धक्क्यापर्यंत नवरा स्कूटरवर सोडतो, रायबंदरहून बस मिळते आणि पणजीत उतरून मळा या वाड्यातून वर चालत जाते. एक फेरी चुकली की पुढचं सगळं चुकत जातं. आता पुढच्या महिन्यापासून नवऱ्याची शिफ्ट बदलणार, म्हणजे सकाळी सोडायला कोणी नाही. घरात स्कूटर एकच आहे आणि दुसरीसाठी कर्ज काढायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

आणि खरं सांगायचं तर मला सायकल मनापासून आवडते. दहावीपर्यंत शाळेत सायकलनेच गेले. बांधावरून सकाळी जाताना एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला खाजनातलं पाणी, ते सुख स्कूटरवर मिळत नाही.

माझी माहिती: वय ४२, उंची पाच फूट एक इंच, रोज सलवार-कमीज. उजवा गुडघा जिने चढताना थोडा दुखतो. सोबत डबा आणि एक बॅग.

अडचण अशी आहे. एका दुकानात २१ गिअरची, पुढे शॉकअप असलेली सायकल दाखवली, साडेअकरा हजार. दुकानदार म्हणाला, आल्तिनो चढायचा तर गिअर हवेतच. दुसऱ्या दुकानात साधी लेडीज सायकल, मडगार्ड, चेनकव्हर, पुढे टोपली, साडेसहा हजार. तो म्हणाला, गिअर कशाला, खाऱ्या हवेत दोन वर्षांत जाम होतील. दोघांचंही म्हणणं पटतं, आणि तिथेच मी अडकले आहे. नऊ किलोमीटरमधला शेवटचा जेमतेम एक किलोमीटर चढाचा. तेवढ्यासाठी गिअर घ्यायचे का?

गंजाची भीती उगाच नाही. माझी आधीची सायकल गंजानेच गेली. बाहेरून रंग चांगला होता. चाक आऊट झालं म्हणून मेकॅनिककडे नेली, त्याने स्पोकला चावी लावून जरा फिरवली आणि टक् करून स्पोक तुटला. मग दुसरा. रिंगमध्ये स्पोक जिथे शिरतो तिथे नुसती तपकिरी पूड जमली होती. एका चाकाचे सहा स्पोक तुटल्यावर तोच म्हणाला, बाई, आता हात लावत नाही.

कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

*

प्रतिसाद (मडगावहून)

ताई, ती २१ गिअरवाली घेऊ नका. या किमतीत जो शॉकअप मिळतो तो नावापुरता असतो. त्याने सायकलचं वजन वाढतं आणि चढावर तुम्ही उभ्या राहून पायडल मारलं की तो खालीवर होत तुमचाच जोर खातो. पाण्याचा थेंब आत गेला की आतून गंजतो, दिसतही नाही. गिअरचंही तसंच. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चाकीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, उघड्यावर लोंबत असतो, त्याच्या केबलला रबरी आवरणाच्या आत गंज धरतो आणि मग गिअर पडत नाहीत. आठवड्याला साफसफाई करणाऱ्याने जरूर घ्यावेत. पण ऑफिस, घर, स्वयंपाक यातून तुम्हाला तेवढा वेळ मिळेल का, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या पोदेराची सायकल बघा ना. बारा महिने, पहाटे चारला, पावसात, पावांची टोपली मागे बांधून, भोंगा वाजवत तो वाड्यावाड्यांत फिरतो. त्याला ना गिअर, ना शॉकअप. पूर्ण बंद चेनकव्हर आणि लांब मडगार्ड, एवढ्यावर ती वीस-वीस वर्षं चालते. हर्क्युलिस, हिरो, एव्हन कुठलीही चालेल, सांगाडा तोच असतो.

आणि एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, सुट्या भागांवरचाही. बिल मागा आणि त्यावर किती टक्के लावले ते वाचून बघा.

*

प्रतिसाद (फोंड्याहून)

वरच्या दादांशी गिअर आणि शॉकअपबाबत पूर्ण सहमत. पण पोदेराच्या सायकलबाबत नाही. ताई, तुम्ही चढाचं विचारताय. मला तुमच्या उताराची काळजी वाटते.

मागच्या जुलैत फर्मागुढीच्या उतारावर मी पडलो. सायकल जुन्या पद्धतीची, चकचकीत क्रोमच्या लोखंडी रिंगची. जोराचा पाऊस. मी दोन्ही ब्रेक दाबले, लिव्हर थेट मुठीला टेकले, आणि चाक फिरतच राहिलं. ब्रेकचं रबर रिंगवरच्या पाण्याच्या थरावरून नुसतं सरकत होतं. समोर बस थांबलेली. मी गटाराच्या कडेला सायकल घातली म्हणून बसवर आदळलो नाही, पण मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

क्रोमची लोखंडी रिंग कोरडी असताना ठीक असते. ओली झाली की ब्रेकची पकड फार कमी होते. अॅल्युमिनियमच्या, म्हणजे दुकानात ज्याला अलॉय म्हणतात त्या रिंगवर पावसातही बऱ्यापैकी ब्रेक लागतो, आणि ती गंजत नाही. पोदेर बहुतेक वेळ सपाट वाड्यांतून आणि हळू फिरतो. तुम्ही संध्याकाळी दमलेल्या, घरी जायच्या घाईत, जूनच्या पावसात आल्तिनोवरून उतरणार आहात.

दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. फ्रिजवर लावतात तसलं छोटं लोहचुंबक पर्समध्ये घेऊन जा. रिंगला चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अलॉय. हँडलच्या दांड्यालाही लावून बघा.

डिस्क ब्रेक पावसात चांगलेच, पण स्वस्तातले सारखे सेट करावे लागतात आणि त्याची सवय असलेला मेकॅनिक जवळ हवा. तुमच्या बजेटमध्ये अलॉय रिंग आणि व्ही-ब्रेक (रिंगला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे) हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

*

धागाकर्ती

दादा, तुमचं मनगट आता बरं असेल अशी आशा करते. वाचून अंगावर काटा आला. उताराचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

आज लोहचुंबक घेऊन गेले. साडेसहा हजारांच्या सायकलला खट्कन चिकटलं, दोन्ही रिंगांना. त्याच दुकानात मागच्या रांगेत एक करडी, बिनगिअरची, खाली वाकवलेल्या दांड्याची सायकल होती. तिला चिकटलं नाही. २६ इंची चाकं, व्ही-ब्रेक, शॉकअप नाही. पण मडगार्ड प्लॅस्टिकचे आणि आखूड, चेनकव्हर अर्धं, कॅरिअर नाही. आठ हजार दोनशे. ही चालेल का? आणि बिनगिअरने आल्तिनो या गुडघ्याने होईल का, हा प्रश्न उरतोच.

*

प्रतिसाद (डिचोलीहून)

माझं वय ६७. तीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलं, म्हणून अधिकाराने लिहितो. करडी सायकल घ्या, बाकीचं सगळं नंतर लावता येतं. रिंग बदलणं महागात जातं, मडगार्ड बदलणं स्वस्तात होतं.

आता चढ. बिनगिअर म्हणजे एकच ताकद असं लोक समजतात, पण ती ताकद कितीची असावी हे आपल्या हातात असतं. मागचं फ्रीव्हील बदलायचं. पुढच्या चाकीला ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेरीला मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. मागे २२ दात्यांचं बसवलं तर बरोबर दोन वेळा. चढावर हा फरक गुडघ्याला लगेच कळतो. चेन एखाद-दोन कड्यांनी लांबवावी लागेल, ते सायकलवाल्याला सांगावं लागत नाही. आधी दुकानात उभ्याउभ्या दोन्हीकडचे दाते मोजून घ्या, कंपनीगणिक वेगळे असतात.

सपाटीवर पाय जरा भरभर फिरतील, हे आधीच सांगतो. पण २६ इंची चाकावर मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास वेग पडतो. रायबंदर ते पणजी वीस-पंचवीस मिनिटांत. त्या वाटेवरचा जुना पूल, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब आणि पूर्ण सपाट आहे. तिथे त्रास चढाचा नाही, समोरच्या वाऱ्याचा. वाऱ्यातही जास्त दात्यांचं फ्रीव्हीलच कामाला येतं.

तुमच्या गुडघ्याबद्दल एक गोष्ट, गिअरपेक्षा महत्त्वाची. सीट खाली ठेवू नका. आपल्याकडे बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत म्हणून सीट अगदी खाली करतात, आणि मग गुडघा दर फेरीला पूर्ण दुमडून जोर लावतो. दुखणारच. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वात खाली न्या. तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर असतो, त्यामुळे गुडघा हवा तेवढाच वाकतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करावी लागेल, चार दिवसांत होते.

गंजासाठी: नवी सायकल घरी नेण्याआधीच स्पोकच्या टोकांना, रिंगच्या बाजूने, तेलाचा एकेक थेंब सोडून घ्या. चेनला दर आठवड्याला तेल, आणि जादाचं फडक्याने पुसायचं, नाहीतर धूळ धरते. पावसाळा संपला की ऑक्टोबरात एक ओव्हरऑइलिंग, छर्रे काढून नवीन ग्रीस. ओली सायकल प्लॅस्टिकखाली झाकून ठेवू नका, आत घाम धरून दुप्पट गंजते.

*

प्रतिसाद (म्हापशाहून)

ताई, इलेक्ट्रिक सायकलचा विचार केलात का? २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर लायसन्स लागत नाही, नोंदणीही नाही. चढाचा प्रश्नच मिटेल.

*

धागाकर्ती

सुचवल्याबद्दल आभार. पण दहा हजारांत बसत नाही, आणि फेरीवर रोज चढवायची-उतरवायची म्हणजे जड सायकल मला झेपणार नाही. धक्क्यावरची ती लोखंडी फळी ओहोटीला किती उभी होते ते चोडणच्या लोकांना माहीत आहे.

काका, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला. दुकानात जाऊन दाते मोजले: पुढे ४४, मागे १८. तुम्ही लिहिलं होतं तेच!

*

धागाकर्ती (दोन आठवड्यांनी)

सायकल घेतली. करडीच. ८२००, त्यावर फ्रीव्हील, चेन, लांब मडगार्ड, कॅरिअर, कुलूप आणि पुढचा-मागचा दिवा धरून दहा हजारांच्या वर चारशे गेले. मागच्या चाकाला जाळीही बसवून घेतली, ओढणी अडकू नये म्हणून. ट्यूब मोटारसायकलसारख्या व्हॉल्वची निघाली, त्यामुळे पेट्रोलपंपावर हवा भरता येते. हे मला आधी सुचलं नव्हतं, पण फार सोयीचं आहे.

रविवारी सकाळी रहदारी नसताना पूर्ण रस्ता करून पाहिला. बांध, फेरी, रायबंदर, पाटो सगळं छान झालं. पुलावर वारा समोरून होता, दम लागला, पण पाय अडले नाहीत. आल्तिनोचा चढ मळ्याच्या बाजूने अर्ध्यापर्यंत बसून चढले. मग उतरून ढकलत नेली. गुडघा दुखला नाही, संध्याकाळीही नाही. सीटची उंची काकांनी सांगितली तशी केली, पहिल्या दिवशी पडायची भीती वाटली, आता नाही वाटत.

उतरताना एक प्रयोग केला. बाटलीतलं पाणी दोन्ही रिंगांवर ओतलं आणि वरच्या सपाट भागात हळू चालवून ब्रेक दाबून पाहिले. पहिलं अर्धं चक्कर चाक सरकलं, मग रबराने पाणी पुसलं आणि ब्रेक धरला. तेवढं अंतर आधीपासून धरून चालायचं हे कळलं. फोंड्याच्या दादांचे त्यासाठी खास आभार. मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी सायकल वर नेणारच नाही. मळ्यात माझी मावशी राहते, तिच्या बल्कांवात (ओसरीत) कुलूप लावून ठेवीन आणि चालत जाईन. मावशीने जागा करून दिलीसुद्धा.

एकच अडचण उरली आहे. फेरीत सायकल साइडस्टँडवर उभी राहत नाही, बोट हलली की पुढे सरकते. काल एका माणसाच्या स्कूटरला लागता लागता राहिली. अख्खा वेळ धरून उभी राहते. डबल स्टँड लावू का?

*

प्रतिसाद (डिचोलीहून)

लावा, पण तोवर एक सोपं करा. जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा आडवा कापा, गोल रबरबँडसारखा होईल. तो हँडलच्या मुठीवर कायम अडकवून ठेवायचा. फेरीत चढलात की पुढचा ब्रेक दाबून रबर लिव्हरवर ओढून घ्यायचं. पुढचं चाक जागचं हलणार नाही. उतरताना काढायला विसरू नका.