मदत हवी आहे: शाळेच्या डब्यासोबतची कॅल्शियमची गोळी

मुलगा 7 वर्षांचा, 18 किलो. जन्मतः मूत्रमार्गात पडदा होता, ऑपरेशन झालंय. आता सीकेडी (मूत्रपिंडाचा जुनाट आजार), तिसरा टप्पा, डायलिसिस नाही. गेल्या महिन्यात रक्तातला फॉस्फरस 6.4 आणि पीटीएच (कॅल्शियम-फॉस्फरस सांभाळणारं संप्रेरक) 190, दोन्ही जास्त; कॅल्शियम ठीक. अल्फाकॅल्सिडॉल (ड जीवनसत्त्वाचं औषध) चालू आहे, शिवाय प्रत्येक जेवणासोबत कॅल्शियम कार्बोनेट. ते अन्नातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून जेवतानाच हवं. लोहाचं औषध वेगळ्या वेळी देतो.

घरी सगळं जमतं. घोळ आहे तो शाळेच्या डब्याचा. गोळी डब्यात ठेवली तर तशीच परत येते. पूड करून वरणभातात कालवली, तर "खडू लागतो" म्हणून डबाच परत आला! बाईंना 50 मुलांत आठवण ठेवणं अवघड, त्यांचा दोष नाही. फॉस्फरस कमी जावा म्हणून चीज, कोला, पाकीटबंद खाऊ बंद केलाय, दूध एकच कप. (आजींना वाटतं हाडांसाठी दूध वाढवायला हवं, तो वाद चालूच आहे.)

डोस डॉक्टरच ठरवतील, पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. तोवर एवढंच सांगा: तुमची मुलं शाळेत ही गोळी घेतात ती कशी, चावून की कशात मिसळून, आणि आठवण कोण करतं?