पीथमपूर की वाळूज? दहावीच्या तोंडावर आलेली बदली

शिरपूरकर (धागाकर्ता):
मी अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. हा कारखाना मार्चनंतर बंद होणार असून कंपनीने आम्हा काही जणांपुढे दोन पर्याय ठेवले आहेत: इंदूरजवळचे पीथमपूर किंवा छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज. हुद्दा आणि पगार दोन्हीकडे सारखाच आहे, मात्र पीथमपूरला गेल्यास पहिली तीन वर्षे घरभाडे कंपनी देणार आहे. मुलगी नववीत आहे आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे. पत्नी विनाअनुदानित मराठी शाळेत गणित शिकवते, वडिलांना मधुमेह आणि गुडघेदुखी आहे. गाव शिरपूर तालुक्यात असल्याने दोन्ही ठिकाणांहून अंतर जवळजवळ सारखेच पडते. माझा कल पीथमपूरकडे आहे, कारण तिथे औषध कारखाने इतके आहेत की उद्या ही नोकरी गेली तरी घर न हलवता दुसरी शोधता येईल. विरोधी मते मुद्दाम मागवतो आहे.

माळवावासी:
कल योग्य आहे, तो बदलू नका. माझी नोकरी पीथमपूरला आणि घर राऊला आहे. कारखाना धार जिल्ह्यात असला तरी बहुतेक कुटुंबे इंदूरच्या या टोकाला राहतात आणि कंपनीच्या बसने जा-ये करतात. माळव्याचे पठार उंचावर असल्याने उन्हाळ्यातही रात्री सुसह्य असतात. परकेपणाची भीती तर सोडूनच द्या, कारण १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि तेव्हापासून मराठी माणूस इथे घरचा आहे. हरतालिकेची वाळू आणि गौरीचे मुखवटे बाजारात न शोधता मिळतात. स्वच्छतेत हे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात पहिले येत आले आहे आणि त्याचा फरक वडिलांना घेऊन बाहेर पडताना रोज जाणवतो.

गोदाकाठ:
माळवावासींचे वर्णन खरे असेल, पण त्यांनी मूळ प्रश्नाला हातच लावलेला नाही. मुलगी जूनमध्ये दहावीत जाईल. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल, तर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थांतून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. केवळ अधिवासाचा दाखला पुरत नाही. केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, खासगी नोकरदाराला त्या लागू होत नाहीत. म्हणजे घरभाडे वाचवण्यासाठी सरकारी महाविद्यालयांतील ८५ टक्के जागांवर पाणी सोडायचे आणि १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी साऱ्या देशाशी झुंजायचे, असा हा हिशेब होतो. शासकीय आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्कातील तफावत पाहिली, तर तीन वर्षांचे भाडे त्यापुढे किरकोळ ठरते. पूर्वी मराठवाड्यात येण्याविरुद्ध एक सबळ कारण होते. ७०:३० च्या प्रादेशिक कोट्यामुळे (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना), जिथे महाविद्यालये कमी होती त्या इथल्या मुलांचे नुकसान होत असे. तो कोटा २०२० मध्ये रद्द झाला, त्यामुळे बारावी अंबरनाथला केली काय आणि संभाजीनगरला केली काय, आता सारखेच.

माळवावासी:
नियम मान्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. मध्य प्रदेशाचाही राज्य कोटा आहे, त्याच्या मूलनिवासी (म्हणजे अधिवासाच्या) दाखल्याच्या अटी वाचून मग बोलावे. शिवाय चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची आजची इच्छा हा सगळ्या घराच्या निर्णयाचा एकमेव आधार कसा होऊ शकतो? उद्या तिने अभियांत्रिकी म्हटले तर इंदूरमध्ये आयआयटी आहे आणि व्यवस्थापन म्हटले तर आयआयएमही आहे. आणि पाण्याबद्दल गोदाकाठ अवाक्षर काढत नाहीत! जायकवाडीसारखे धरण जिल्ह्यात असूनही नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणारे शहर तुम्ही सुचवत आहात. आमच्याकडे नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वाहून, वर घाट चढवून आणलेले आहे.

वाळूजचा कारखानदार:
पाण्याबाबत दोन गोष्टींची गल्लत होते आहे. ओरड आहे ती महापालिकेच्या पाणीपुरवठ्याची. वाळूज औद्योगिक वसाहत आणि तिला लागून असलेले बजाजनगर यांना एमआयडीसीच्या स्वतंत्र योजनेचे पाणी मिळते. शहरातल्या सिडको किंवा गारखेडा भागात घर घेतले, तर टाकी, टँकर आणि पाण्याच्या दिवशी कोणी घरी थांबायचे याचे वेळापत्रक आलेच. शिवाय कारखाने सुटण्याच्या वेळी नगर नाक्याजवळची वाहनांची रांगही आली. बजाजनगरमध्ये घर घेतल्यास दोन्ही टळतात, मात्र वस्ती दाट आहे आणि शाळांची निवड मर्यादित आहे. तेव्हा "संभाजीनगर" असा सरसकट विचार न करता कोणती वसाहत, कोणता नळ, इथपर्यंत चौकशी करावी. नोकरीचे म्हणाल तर वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा मिळून औषध कारखाने इथेही आहेत, पण पीथमपूरइतकी निवड नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

निवृत्त मुख्याध्यापिका:
एवढ्या चर्चेत पत्नीच्या नोकरीचा उल्लेख कोणीही केलेला नाही, याची नोंद घेते. मराठी माध्यमात गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेला संभाजीनगरमध्ये पगार कमी मिळेल, पण काम मिळेल. इंदूरमध्ये मराठी बोलणारे लाखो असले, तरी शाळा हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्या आहेत. अंश, छेद, लसावि, मसावि हे शब्द तोंडात बसलेल्या बाईंना फळ्यासमोर उभे राहून नवी परिभाषा उचलावी लागेल. ते अशक्य नाही, पण पहिली एक-दोन वर्षे त्या घरीच बसतील, आणि मग वाचलेले घरभाडे हा लाभ उरत नाही, तो त्यांच्या बुडालेल्या पगाराचा मोबदला ठरतो. हा आकडा धागाकर्त्यांनी मांडलेलाच नाही.

गोदाकाठ:
बाईंशी पूर्ण सहमत. माळवावासींनी स्वच्छतेचे गुणगान केले म्हणून एवढेच आठवण करून देतो की भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये पीथमपूरलाच आणून जाळण्यात आला. राऊला राहणारे हे विसरले असतील, पीथमपूरच्या लोकांनी मात्र त्याविरुद्ध रस्त्यावर उतरून आंदोलन केले होते.

माळवावासी:
विसरलेलो नाही. तो कचरा उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली जाळला गेला आणि विरोध करणाऱ्यांत आमच्या कारखान्यातले कामगारही होते. औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणावरून निवड करायची झाली, तर अंबरनाथला राहिलेल्या माणसाने दोन्ही नावे खोडावीत.

शिरपूरकर (धागाकर्ता):
सर्वांचे आभार. दहावी-बारावीच्या अटीबद्दल मी अर्धवट ऐकले होते. ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या माहितीपुस्तिकेत काल स्वतः वाचली आणि गोदाकाठ म्हणतात ते बरोबर आहे. वडिलांचा प्रश्न मला वाटला तेवढा निर्णायक नाही. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान योजनेतील पाच लाखांचे संरक्षण दोन्ही राज्यांत चालते आणि रुग्णालयांची दोन्ही शहरांत वानवा नाही. पत्नीने मात्र बाईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, त्यावर मला काही बोलता आले नाही. मुलीला तीन वर्षे शिरपूरला काकाकडे ठेवून आम्ही पीथमपूरला जावे, असा एक मार्ग घरात निघाला आहे. पळासनेर ओलांडून बिजासनचा घाट चढला की मध्य प्रदेश, तेव्हा महिन्यातून दोनदा भेट सहज होईल.

निवृत्त मुख्याध्यापिका:
या मार्गाला माझा विरोध आहे. बारावीच्या वर्षात मुलांना पुस्तकांपेक्षा, रात्री अकराला चिडचिड ऐकून घेणारे घरचे माणूस जास्त लागते. त्यापेक्षा कंपनीला लेखी विचारा, की आता वाळूज स्वीकारल्यास मुलीची बारावी झाल्यावर पीथमपूरला बदली मागण्याचा हक्क राहील का. दोन्ही कारखाने एकाच कंपनीचे आहेत, मग ही निवड आजच आणि कायमची का करायची?

वाळूजचा कारखानदार:
विचारा, पण तोंडी आश्वासनावर विसंबू नका. मनुष्यबळ विभागातली माणसे तीन वर्षांत बदलतात, तेव्हा ही अट बदलीच्या पत्रातच लिहून घ्या. आणि बजाजनगरमधले घर बघायला मे महिन्यात या, नळ उघडून बघायला तोच महिना बरा.