मदत हवी आहे: दार्युशने मारलं कोणाला? तोतया गौमाताला की खऱ्या बर्दियाला?

मंडळी, नमस्कार.

आमच्या वाचनकट्ट्यावर इराणचा सम्राट दार्युश पहिला (इ.स.पू. ५२२ ते ४८६) यावर बोलायचं कबूल करून बसलोय. पर्सिपोलिस, दारिक नाणी, सार्डिस ते सुसा राजमार्ग, मॅरेथॉन, सगळं जमलंय. गाडी अडलीय ती हा गृहस्थ गादीवर आला कसा, इथेच.

इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर त्यानेच कोरवून घेतलेली हकीकत अशी: साम्राज्याचा संस्थापक सायरस याचा मुलगा कॅम्बिसिस याने सख्खा भाऊ बर्दिया याला गुपचूप संपवलं आणि मग तो इजिप्तच्या स्वारीवर गेला. मागे गौमाता नावाच्या मागी पुरोहिताने ‘मीच बर्दिया’ म्हणत राज्य बळकावलं. पुढे कॅम्बिसिस मेला. तोतयाच्या धाकाने कोणी ब्र काढेना. शेवटी दार्युशने मोजके साथीदार घेऊन मीडिया नावाच्या प्रांतातल्या एका किल्ल्यात त्याला ठार केलं. शिल्पात गौमाता उताणा पडलाय, हात वर, छातीवर दार्युशचा पाय.

मला हे पचत नाही. सायरसचा मुलगा मारला जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही? त्यात दार्युश गादीवर आला तेव्हा त्याचे वडील आणि आजोबा दोघेही हयात होते, हे त्याच्याच सुसाच्या लेखात आहे. म्हणजे वारसाहक्काने याचा नंबर लागतच नव्हता! आणि तोतया गेला म्हणून लोक खूश व्हायला हवेत, तर एलाम, बाबिलोन, मीडिया सगळे प्रांत बंड करून उठले. एका वर्षात १९ लढाया, ९ ‘राजे’ कैद. खुद्द पार्सामध्ये, म्हणजे पर्शियन लोकांच्या मूळ प्रांतात, वह्यज्दात हा आणखी एक ‘बर्दिया’ उभा राहिला आणि फौज त्याला मिळाली.

कट्ट्यावरचे एक काका म्हणतात, ‘तोतये होतातच, भाऊसाहेबांचा नाही का झाला?’ पण भाऊसाहेब पानिपतच्या रणधुमाळीत गेले, तिथे संशयाला जागा होती. इथे राजवाड्यातला माणूस आहे.

दार्युश आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सोडून तिसरा साक्षीदार आहे का? आणि ज्याचा घोडा सूर्योदयाला आधी खिंकाळेल तो राजा, असं साथीदारांत ठरलं आणि दार्युशचा घोडा खिंकाळला, ही गोष्ट सांगावी का?

प्रतिसाद १
आहे, पण अर्धाच. इ.स.पू. ५२२ च्या बाबिलोनी मातीच्या पाट्यांवर बर्दियाच्या नावाने तारखा घातल्यात. म्हणजे राजा म्हणून तो चालला होता. खरा की खोटा, ते पाट्या सांगत नाहीत. ग्रीक नाटककार एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ नाटकात (इ.स.पू. ४७२) तो ‘मार्दोस’ नावाने राजांच्या यादीत येतो. देशाला कलंक म्हटलंय, तोतया मात्र म्हटलेलं नाही.

हेरोडोटसला स्वतंत्र साक्षीदार धरू नका. बेहिस्तूनच्या मजकुराच्या प्रती साम्राज्यभर गेल्या होत्या, अरामी प्रत तर इजिप्तमध्ये एलिफंटाइनला मिळालीय. सरकारी कथाच फिरत फिरत त्याच्यापर्यंत आली असणार.

बंडांवरून मात्र गादीवरचा बर्दिया खरा होता असं ठरत नाही. त्याने तीन वर्षं कर आणि लष्करी सेवा माफ केली होती असं हेरोडोटस सांगतो. असा राजा खोटा असला तरी लोकांना हवाच असतो. आज बरेच अभ्यासक खऱ्या बर्दियाच्या बाजूने झुकतात, काही दार्युशवर विश्वास ठेवतात. भाषणात दोन्ही बाजू मांडा, पण ‘तोतया’ हा आरोप दार्युशचा आहे हे आधी सांगा.

प्रतिसाद २
सायरसची मुलगी, म्हणजे बर्दियाची बहीण, अतोसा हिला विसरू नका! हेरोडोटसच्या कथेत दार्युशचा एक साथीदार ओतानेस राणीवशातल्या आपल्या मुलीला, फैदिमेला, निरोप धाडतो: अतोसाला विचार, ती भावाला ओळखेलच. उत्तर येतं की नव्या राजाने बायकांना वेगवेगळं ठेवलंय, भेटच होत नाही. मग फैदिमे रात्री तो गाढ झोपल्यावर केसांत हात घालून बघते, तर कान कापलेले, म्हणजे तोतयाच, कारण त्या मागीचे कान सायरसने शिक्षा म्हणून कापले होते. हीच अतोसा पुढे दार्युशची राणी आणि झर्क्सिसची आई. दार्युशने बर्दियाची मुलगी पार्मिस हिच्याशीही लग्न केलं. सायरसचं रक्त घरात आणायची त्याला एवढी घाई का होती, हे श्रोत्यांना विचारा.

घोड्याची गोष्ट जरूर सांगा, लोक हसतील. फक्त ती हेरोडोटसची आहे हे सांगून. दार्युश स्वतः सगळं श्रेय आपला देव अहुरमज्दा याला देतो, घोड्याला नाही.