पूर ओसरल्यावर आधी काय? गोळ्या, धूर की शेवटचा नळ?

काठावरचा (धागाकर्ता)

२०१९ आणि २०२१, दोन्ही महापूर शिरोळ तालुक्यात राहून काढले. दोन्ही वेळा पाणी उतरल्यावर गावाची पहिली मागणी एकच, "फॉगिंग कधी? पावडर कधी मारताय?" ट्रॅक्टर आला, रस्त्याच्या कडेने टीसीएलची (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीन पावडरीची) पांढरी रेघ ओढत गेला, फोटो निघाले, सगळे खूश. त्या चिखलात क्लोरीन घाणीशी झटापट करण्यातच खपतं. धुराने उडते डास मरतात, डबक्यातल्या अळ्यांचं काही बिघडत नाही.

त्याच आठवड्यात जलसुरक्षकाला (पंचायतीचा पाणी बघणारा माणूस) घेऊन आमच्या गल्लीत ओटी टेस्ट केली, म्हणजे पाण्यात क्लोरीन असेल तर थेंबांनी ते पिवळं होतं. टाकीजवळच्या नळाचं पाणी दोन थेंबांत हळदीसारखं पिवळं झालं. गल्लीच्या टोकाच्या घरी तेच दोन थेंब टाकले, पाणी होतं तसंच. मधे गटाराशेजारी पाइप फुटला होता. माझ्या मते पुरानंतरचे पहिले आठ दिवस सगळी माणसं या शेवटच्या नळामागे लावावीत. लेप्टोच्या (उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या) गोळ्यांचं वाटप, धूर, भाषणं नंतर.

रात्रपाळी

धुराबद्दल सहमत, गोळ्यांबद्दल अजिबात नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोचे किती पेशंट आले ते मुंबईच्या वॉर्डांत काम केलेल्यांना विचारा. उंदराच्या मुताने नासलेलं पाणी पायाच्या भेगेतून आत शिरतं. तिथे तुमचा पिवळा नळ काय करणार? पुराच्या पाण्यातून चाललेल्या मोठ्या माणसाला ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनची (लेप्टो टाळणारं प्रतिजैविक) गोळी द्यायची, हे मुंबईत आता ठरूनच गेलंय. "नंतर" म्हणालात तर ते ७२ तास निघून जातात.

तुरटी

डॉक्टर, देण्याला विरोध नाही, वाटण्याच्या पद्धतीला आहे. आमच्याकडे गोळ्यांची पाकिटं चुरमुऱ्यांसारखी ओंजळीने वाटली. गरोदर बाई, सहा वर्षांचं पोर, काही विचारणं नाही. या दोघांना डॉक्सी चालत नाही ना? वर उपाशीपोटी घेऊन निम्मे लोक मळमळले, उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर. आणि गोळी घेतली म्हणून माणसं निर्धास्तपणे विहिरीचं गढूळ पाणी प्यायली, ते वेगळंच.

गढूळ पाण्यात नुसते मेडिक्लोरचे (बाटलीतल्या पातळ क्लोरीनचे) थेंब टाकूनही भागत नाही. आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी काढा, मग थेंब, मग अर्धा तास थांबा. हे हंड्यापाशी उभं राहून दाखवावं लागतं. पत्रक वाचून कुणी करत नाही.

रात्रपाळी

त्या दोघांबद्दल बरोबर आहे, त्यांच्यासाठी दुसरं औषध असतं. पण वाटप वाईट झालं म्हणून औषध वाईट कसं? उद्या टीसीएलची पोती ओली करून ठेवलीत तर टीसीएल बंद करणार का?

सांगलीची_सून

दोघंही नळ आणि गोळीवरून भांडताय, मी नऊ दिवस शाळेतल्या छावणीत होते. संडास चार, माणसं अडीचशेच्या वर. २० जणांमागे एक संडास असावा, अगदी घाईतही ५० मागे एक, असं मदतकार्याचं मानक म्हणे! बायका अंधार पडेपर्यंत पाणीच पीत नव्हत्या.

हैतीत जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला, कॉलरा आला ऑक्टोबरमध्ये. तोही भूकंपामुळे नव्हे. शांतिसैनिकांच्या तळावरचं मैलापाणी नदीत गेलं आणि हजारो माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांनी आपला वाटा कबूल करायला २०१६ उजाडलं. मदतीला येणाऱ्यांच्या संडासाचं काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय.

खडीसाखर

सगळं खरं, पण आपत्तीत आदर्श व्यवस्था मिळत नसते राव. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा होता, सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, सोडा मोजून पुड्या बांधल्या आणि नातेवाइकांच्याच हाती दिल्या. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ वर आलं. नळ पिवळा होईपर्यंत माणूस जगायला तर हवा? आधी घराघरांत ओआरएस द्या.

काठावरचा

ताई, संडास मी विसरलो होतो, कबूल. डॉक्टरांचे ७२ तासही मान्य, मात्र आशाताई यादी घेऊन घरोघरी जाणार असतील तरच. चौकात टेबल मांडून नको. खडीसाखर, पुड्या हव्यातच, पण रोज नव्याने जुलाब लावणारं पाणी चालू ठेवून पुड्या किती दिवस वाटायच्या?

आणि डॉक्टर, ओल्या पोत्यांचा टोमणा बरोबर बसला. आमच्या पंचायतीची टीसीएल ज्या खोलीत होती तिथे पुराचं पाणी कमरेएवढं होतं. पोती उन्हात वाळवून तीच वापरली, टाकीतसुद्धा. त्यात क्लोरीन किती उरलं होतं ते कुणी तपासलं नाही. मीही नाही.